काउंटरमागील नाताळ

नाताळ जवळ आला की कोणाला काय भेट द्यावी, हा प्रश्न घरोघरी निघतो. अलीकडे त्यात नव्या अटींची भर पडली आहे. वस्तू टिकाऊ असावी, उगाच कचरा वाढविणारी नसावी, ती घडविणाऱ्या हातांना रास्त मोल मिळालेले असावे. हा विवेक आपल्याच पिढीचा, अशी आपली समजूत असते. पण त्याची एक मुळी शंभराहून अधिक वर्षे मागे, न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या दुकानांत, दिवसभर उभ्या राहून अवघडलेल्या मुलींच्या पायांपाशी जाऊन पोहोचते.

एका छपराखाली सुईपासून शालीपर्यंत सारे विकणारी ती दुकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरभराटीस आली होती. काउंटरमागे तरुण स्त्रिया उभ्या असत आणि गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्याकडे नेण्या-आणण्यासाठी लहान मुली धावत असत. त्यांना बसण्यासाठी आसने नसत, असलीच तर बसण्याची मुभा नसे. उशीर झाला की दंड, जादा कामाला मोबदला नाही. स्वतः दुकानात नोकरी केलेल्या अ‍ॅलिस वुडब्रिज या स्त्रीने ही सारी माहिती गोळा केली आणि 1890 च्या मे महिन्यात एका जाहीर सभेत ती शहरापुढे आली. त्यातूनच जोसेफिन शॉ लोवेल यांच्या अध्यक्षतेखाली 1891 मध्ये ग्राहकांचा एक संघ स्थापन झाला.

या संघाची युक्ती साधी होती. मालकाशी भांडण्याऐवजी त्याने चांगल्या दुकानांची यादीच छापली. अनुभवी स्त्रीला आठवड्याला किमान 6 डॉलर, समान कामाला समान वेतन, दुपारच्या जेवणाला 45 मिनिटे, उन्हाळ्यात एक आठवड्याची पगारी सुटी, बसण्याची सोय, चौदा वर्षांखालील मूल कामावर नाही, अशा त्या यादीच्या अटी होत्या. एवढ्या मोठ्या शहरातून प्रथम तिच्यात अवघी आठ दुकाने बसली! याच 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध करून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न अवघ्या ख्रिस्तसभेपुढे मांडला होता. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये हेन्रिएट ब्रुन या कॅथलिक स्त्रीने असाच ग्राहकसंघ उभारला, तेव्हा मात्र हे दोन प्रवाह एकत्र आले. ऐन वेळी कपडे शिवावयास टाकू नका, शिंपिणीचे पैसे थकवू नका, रात्री सातनंतर किंवा रविवारी घरपोच माल मागवू नका, असे तो संघ आपल्या सभासदांस बजावीत असे.

या साऱ्यात नाताळचा हंगाम सर्वांत कठीण. न्यूयॉर्कच्या 1896 च्या कायद्याने अल्पवयीन मुलामुलींच्या कामाचे तास मर्यादित केले, पण नाताळापूर्वीच्या दिवसांना त्यातून सूट ठेवली. ज्या दिवसांत संरक्षणाची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत कायदा रजेवर! फ्लॉरेन्स केली या तडफदार बाईंना हे सहन झाले नाही. इलिनॉय राज्यात कारखाना निरीक्षक म्हणून काम केल्यानंतर त्या 1899 मध्ये राष्ट्रीय ग्राहकसंघाच्या सरचिटणीस झाल्या होत्या. नाताळची विटंबना हाच विषय घेऊन त्यांनी 1903 मध्ये एक लेख लिहिला. आपण आनंदाचा सण म्हणतो, तो दुकानातील मुलीला आणि रात्री-अपरात्री गाडीवरून पुडकी पोहोचविणाऱ्या पोराला धसका वाटतो, हा त्यांचा रोख होता. नाताळची खरेदी आधीच उरका, संध्याकाळी दुकानात जाऊ नका, हा प्रचार संघाने वर्षानुवर्षे चालविला.

त्या प्रचाराचे पुढे काय झाले, हे पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. ‘लवकर खरेदी करा’ ही घोषणा व्यापाऱ्यांना फारच आवडली. मुलींच्या पायांसाठी निघालेले वाक्य त्यांनी जाहिरातीत घातले आणि नाताळचा बाजार डिसेंबरच्या अलीकडे सरकू लागला.

दुसरा प्रयत्न कामकरी मुलींमधूनच झाला. सुटीत चार दिवस बाहेर जाता यावे म्हणून न्यूयॉर्कच्या अनेक मुली दर आठवड्याला थोडे पैसे एका निधीत टाकीत. नाताळ आला की वरिष्ठांना भेट देण्यासाठी वर्गणी निघे. ती नाकारण्याची हिंमत कोण करणार? साचविलेली पुंजी तिकडे जाई. तेव्हा 1912 च्या नोव्हेंबरात ‘निरुपयोगी भेटींना प्रतिबंध करणारी मंडळी’ स्थापन झाली. पूर्वाश्रमीची अभिनेत्री एलिनॉर रॉबसन बेलमाँट आणि धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांची कन्या अ‍ॅन या तिच्या पुढारी. त्याच डिसेंबरात माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिचे पहिले पुरुष सभासद झाले. मंडळी फार वर्षे टिकली नाही. पण भयापोटी दिलेली वस्तू ही भेट नव्हे, हे तिने मोकळेपणाने सांगितले, आणि आम्हांला तेच तिचे मोठे काम वाटते. लग्नाच्या आहेरांच्या याद्या जपून ठेवणाऱ्या आपल्या समाजाला यातले मर्म वेगळे सांगावयास नको.

वस्तू विकणाऱ्यांनंतर ती घडविणाऱ्यांकडे लक्ष वळले. 1946 मध्ये एडना रूथ बायलर या मेनोनाईट पंथीय स्त्रीने पोर्टो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम अमेरिकेत नेऊन विकण्यास आरंभ केला. आज ज्याला न्याय्य व्यापार म्हणतात, त्याचा हा एक प्रारंभ. आपल्या जवळचे उदाहरण अंधेरीचे. तेथील झोपडपट्टीतील स्त्रियांना हाताशी धरून इसाबेल मार्टिन या स्पॅनिश धर्मभगिनीने 1984 मध्ये ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ हे काम सुरू केले. शिवणाचे शिक्षण घेतलेल्या या स्त्रियांनी केलेल्या वस्तू पुढे परदेशांतील दुकानांत पोहोचल्या.

आता पुडके पोहोचविणारा पोरगा गाडीवरून नव्हे, दुचाकीवरून येतो. नाताळच्या मिस्सेला जाण्याच्या गडबडीत राहून गेलेली भेट आपण घरबसल्या मागवितो. तो दारात उभा असतो, तेव्हा त्याच्या घरचा नाताळ, किंवा दिवाळी, किंवा ईद, कुठवर आली आहे, हे त्याला विचारावयास वेळ कोणालाच नसतो. त्यालाही पुढचे दार गाठावयाचे असते.