एक कप चहा आणि पुण्यातला बहिष्कार

मंडळी, समोरच्यानं चहा दिला तर निदान कप तरी हातात घ्यावा, हे बिझनेस एटिकेटच्या ट्रेनिंगमध्ये आपल्याला सांगतात. १८९० साली पुण्यात याच गोष्टीवरून केवढं रामायण झालं, ते आज ऐकू.

पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली नामांकित मंडळी जमली होती. रानडे, टिळक, गोखले, सगळेच. कार्यक्रम संपला आणि मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. आता आली का पंचाईत! ख्रिश्चनाच्या घरचा चहा घेतला तर धर्म बुडाला, नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान. काहींनी सरळ चहा प्यायला. काहींनी मान राखायला कप घेतला आणि हळूच बाजूला ठेवला. मला हे दुसरे लोक जास्त आपल्यासारखे वाटतात. दोन्हीकडचे मॅनर्स सांभाळायची धडपड!

पण गोपाळराव जोशींनी (हो, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) ही बातमी नावांसकट ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली. झालं, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत. बहिष्कार म्हणजे नुसता टोमणा नव्हे बरं का. पंक्तीला बोलावणं नाही, घरात कार्य निघालं तर भटजी मिळायची मारामार.

टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तर त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर नाराज झाले.