खानदेशातील मद्यविचार आणि गर्भस्थ बालक

रावेर तालुक्याच्या दक्षिणेस तापीकाठची काळी जमीन, तर उत्तरेस पालपर्यंत चढत गेलेला सातपुडा. सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात मोहाचे फूल अन्न, नैवेद्य आणि दारू या तिन्ही रूपांनी वापरात राहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारी परवान्याच्या कक्षेत आले आणि तिची नोंद महसुलाच्या खात्यात होऊ लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात सातपुड्याच्याच पश्चिम भागात, तळोदे परिसरात, गुलाम महाराजांनी आदिवासींना मद्यत्यागाचा उपदेश केला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यनिषेध हे शासनाचे धोरण ठरले. महसूल आणि नीती या दोन मापांनी दारू मोजली गेली; गर्भातील मुलाचे माप मात्र त्यांत नव्हते.

ही जाणीव या भूमीस सर्वस्वी अपरिचित होती असे नव्हे. नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य तृषार्त, अल्पस्मृती व अस्थिरचित्त होते, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. आधुनिक वैद्यकात १९६८ मध्ये फ्रान्समधील पॉल लमुआन यांनी १२७ बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये अमेरिकेतील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी या विकृतीस स्वतंत्र नाव दिले. मद्यार्क वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतो; गर्भाच्या अपक्व यकृतास त्याचा निचरा त्वरेने करता येत नाही. परिणामी मेंदूतील पेशींची वाढ व मांडणी बिघडते. लहान मेंदूस बाध आल्यास शरीराचा तोल व हातांचे कौशल्य उणावते. मेंदूच्या अन्य भागांवरील आघाताने स्मरण, अवधान, गणित आणि कृतीचे नियोजन दुबळे होते. ही हानी जन्मभर टिकते.

चेहऱ्यावरील खुणा पुष्कळदा नसतात. तेव्हा निदान मातेच्या निवेदनावर अवलंबून राहते. जेथे मद्यपान हा केवळ नीतीचा प्रश्न मानला जातो, तेथे ती माता मौन पाळते आणि अक्षर न वळणारे मूल शाळेत 'मठ्ठ' ठरते. या दोषाचे खापर एखाद्या जमातीवर फोडणे हेही तितकेच अशास्त्रीय होय. मद्यार्क मोहाचा की कारखान्यातील, हा भेद गर्भास नसतो. २००८ च्या आदेशाने महाराष्ट्रातील महिला मतदारांस मतदानाद्वारे परवानाधारक दारूदुकान बंद करविण्याचा मार्ग मिळाला. त्या मतदानामागील कारणांत न जन्मलेल्या मुलाची बुद्धीही गणली गेली, तरच या इतिहासातील जुनी उणीव भरून निघेल.