गाडी नक्की कशावर चालते?

डेट्रॉईटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन विषयांवर मत नसून चालत नाही. एक इथला हिवाळा आणि दुसरा गाड्या. कुठल्याही पॉटलकला जा, जमलेल्यांपैकी निम्मे तरी कार कंपनीत किंवा तिच्या सप्लायरकडे नोकरीला असतात. मसालेभाताची पहिली वाढ संपायच्या आत वाद सुरू! जपानी इंजिन टिकाऊ की अमेरिकन? हायब्रिड म्हणजे शहाणपण की तडजोड? बॅटरीवरच्या गाड्या येणार की हे नवं खूळ चार दिवसांत ओसरणार? मीही त्यात हिरिरीने पडतो. गेली पंचवीस वर्षं गिअरबॉक्सचं डिझाईन हेच माझं काम. बॅटरीवरच्या गाडीला आमच्यासारखा सहा-आठ गिअरचा डबा लागत नाही, तेव्हा या वादात माझं पोटही गुंतलेलं आहे.

या सगळ्या चर्चेत आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की जे यंत्र सरस तेच शेवटी बाजारात टिकतं. याच शहराचा इतिहास चाळला की मात्र वेगळंच चित्र दिसतं.

तिरंगी सामना

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! म्हणजे त्या काळी पैज लावायची तर पेट्रोलवर कोणी फारशी लावली नसती.

वाफेची गाडी जोरदार होती. १९०६ साली स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या गाडीने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ताशी १२७ मैलांचा वेग गाठला होता. पण बॉयलर तापेपर्यंत थांबायचं, वाटेत पाणी भरायचं आणि थंडीत ते पाणी गोठू द्यायचं नाही, हे रोज कोण करणार? विजेच्या गाडीला यातला कुठलाच त्रास नव्हता. ना धूर, ना आवाज, ना गिअर. आपल्या गावातच १९०७ पासून 'डेट्रॉईट इलेक्ट्रिक' नावाची गाडी बनत होती. तिचा वेग ताशी वीसेक मैल. शहरात फिरायला तेवढा पुरे. आणि ती चालवणारी एक बाई कोण, तर क्लारा फोर्ड, म्हणजे साक्षात हेन्री फोर्डची बायको! नवरा पेट्रोलच्या गाड्या हजारोंनी विकतोय आणि घरधनीण विजेच्या गाडीतून फिरतेय. तिची १९१४ सालची गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने जपून ठेवली आहे.

मग पेट्रोल जिंकलं कसं?

याला एक कारण नाही, चार-पाच आहेत, आणि त्यातली बरीचशी गाडीच्या बाहेरची आहेत.

जानेवारी १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉप इथे तेलाचा फवारा उडाला. त्या एका विहिरीतून दिवसाला सुमारे एक लाख बॅरल तेल येऊ लागलं आणि तेल स्वस्त झालं. पुढे खेड्यांतून रस्ते सुधारले आणि लोकांना लांब जावंसं वाटू लागलं. तिथे विजेची गाडी अडली, कारण शेतावर वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहांतल्या जेमतेम एका शेतघरात वीज पोचली होती. पेट्रोल मात्र डब्यातून वाण्याच्या दुकानातही मिळत होतं.

किमतीचा तडाखा फोर्डने दिला. १९०८ साली 'मॉडेल टी' आली तेव्हा ती ८५० डॉलरला होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाईन सुरू झाली आणि १९२५ पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल २६० डॉलरवर आलं.

शेवटचा घाव घातला तो विजेनेच! पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हॅंडल मारावं लागे. ते उलटं फिरलं तर हात मोडायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला. म्हणजे एक छोटी मोटर आणि एक बॅटरी पेट्रोलच्या गाडीत बसली, आणि विजेच्या गाडीची मोठी सोय तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

जिंकण्याची किंमत

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण पेट्रोलचं इंजिन ताकद वाढवायला गेलं की ठोकू लागायचं. त्यावर उपाय शोधताना केटरिंगच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली यांना १९२१ च्या डिसेंबरात शिशाचं एक संयुग सापडलं. चिमूटभर टाकलं की ठोका बंद. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हे याच मंडळींना ठाऊक होतं. पण शिसं अगदी थोडं पुरायचं आणि त्यावर पेटंटही मिळायचं. अल्कोहोल काय, कोणीही गाळावं!

फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोच्या डेटन गावात हे पेट्रोल विकायला आलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. शिसं विषारी आहे ही काही तेव्हाही नवी बातमी नव्हती. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला मोठी परिषद भरली, विक्री काही महिने थांबली, आणि बंदी घालण्याइतकं सबळ कारण दिसत नाही असं समितीने सांगितल्यावर पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी यायला १९९६ साल उजाडलं. भारतात ती २००० साली आली आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया २०२१ साली थांबला. जवळजवळ शंभर वर्षं! मधल्या काळात किती पोरांच्या रक्तात ते शिसं गेलं असेल. मुंबई-पुण्याच्या रहदारीत वाढलेले आपणही त्यातलेच.

एकच कणीक

गाड्यांच्या शौकिनांचा दुसरा आवडता विषय म्हणजे प्लॅटफॉर्म. हा शब्द ऐकून ज्यांना दादर स्टेशन आठवतं त्यांच्यासाठी सांगतो. एकच कणीक मळायची, तिच्याच पोळ्या, पुऱ्या आणि पराठे करायचे, तसं गाडीचा तळ, चाकांचे सांधे, इंजिनाची जागा एकदाच ठरवायची आणि वर वेगवेगळी अंगं चढवायची. क्रायस्लर कंपनी बुडायला आली तेव्हा सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, आणि १९८१ च्या मॉडेलवर्षात आलेल्या 'के-कार'च्या कणकेने तिला तारलं. त्याच घडणीतून पुढे १९८३ च्या अखेरीस मिनीव्हॅन निघाली. आजी-आजोबांसह अख्खं कुटुंब नायगारा बघायला घेऊन जाणाऱ्या आपल्या पिढीने तिचे आभारच मानायला हवेत. उलट, शेवरोलेच्या स्वस्त गाडीच्याच तळावर १९८२ साली कॅडिलॅकचं नाव लावून 'सिमारॉन' काढली, ती शौकिनांनी आजतागायत माफ केलेली नाही. पुरीला श्रीखंडाचा भाव लावला तर गिऱ्हाईक ओळखणारच!

आपल्याकडची गंमत वेगळी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने सुरुवात केली ती याच क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडून. पुढे १९६४ साली कुर्ल्याला फियाट ११०० डिलाईट बनू लागली. तीच मग 'प्रेसिडेंट' झाली आणि नंतर 'पद्मिनी'. नावं बदलली, गाडी जवळपास तीच राहिली, ती पार शतक संपेपर्यंत. परवान्यांच्या राज्यात स्पर्धाच नव्हती, बदलायचं कशाला? मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

चिरडलेल्या गाड्या आणि उसाची दारू

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाने फर्मान काढलं की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तिथल्या विक्रीपैकी २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. जनरल मोटर्सने १९९६ साली 'ईव्ही-१' आणली. देखणी, वाऱ्याला न अडणारी, पण फक्त भाड्याने मिळणारी. एकूण १,११७ बनल्या. नियम सैल होत गेले आणि कंपनीने गाड्या परत मागवून बहुतेक चिरडून टाकल्या. चालवणारे लोक विकत मागत होते, तरीही. कंपनी म्हणायची की सुटे भाग कोण पुरवणार. शौकीन म्हणायचे की हा खूनच. हा वाद आमच्याकडे अजून निघतो आणि भजी गार होतात.

ब्राझीलने १९७५ साली उसाच्या अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ आली आणि लोकांनी अशा गाड्या भरभरून घेतल्या. १९८९ च्या सुमारास अल्कोहोलचा तुटवडा पडला, पंपांवर रांगा लागल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ साली, पेट्रोल आणि अल्कोहोल कुठल्याही प्रमाणात चालेल अशी गाडी आल्यावर. आपल्याकडेही २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना त्यात दिलासा आहे, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याला मायलेजची आणि रबरी नळ्यांची काळजी आहे. दोघांचंही खरं आहे. ब्राझीलकडून शिकायचं ते हे, की निवड गिऱ्हाईकाच्या हातात असली की इंधनावर विश्वास बसतो.

आता आपण

मंडळी, आता माझ्या पोटाकडे येतो. २००९ साली एप्रिलच्या शेवटी क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या, तेव्हा आपल्या मंडळातली कितीतरी घरं हादरली. कोणी टेक्सासला गेलं, कोणी पुण्याला परतलं. त्या वर्षीच्या दिवाळीला नेहमीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आता ३० सप्टेंबर २०२५ ला विजेच्या गाडीवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत संपली. बॅटरी आदल्या दिवशी जशी होती तशीच होती, पण गिऱ्हाईकाचं गणित रात्रीत बदललं.

म्हणून मुलांना मी इतकंच सांगतो. इंजिन चांगलं की मोटर, यावर जरूर भांडा, ते आपलं हक्काचं भांडण आहे. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. हे इंधन शेवटच्या गावापर्यंत पोचतंय का? त्याचा धूर, विष किंवा खाणीतली धूळ कोणाच्या अंगावर जातेय? आणि जुना कारखाना बंद झाल्यावर तिथला माणूस सोमवारी सकाळी कुठे जातो? १९२४ साली हे प्रश्न विचारणारे होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. विजेच्या गाड्या येतील असं माझं, गिअरबॉक्सवाल्याचंही, मत आहे. त्या येताना हे प्रश्न विचारणारा आवाज डेट्रॉईटमधून यायला हवा, आणि त्यात दोन-चार आवाज मराठी असायला काय हरकत आहे?