सही कोणाची?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात काही वर्षांपूर्वी एक बाई मला भेटल्या. त्यांना जन्मापासून सिकलसेलचा आजार. दोन मुले झाल्यावर तिसऱ्यांदा दिवस गेले. त्यांना ते मूल नको होते. ‘‘पोराले बिमारी होईन का, हे सारे इचारत. माह्यं काय होईन, हे कोनी इचारलं नाही,’’ त्या म्हणाल्या.

त्यांचा प्रश्न रास्त होता. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नवरा वाहक नसेल, तर मुलांना हा आजार होत नाही, ती फक्त वाहक होतात. आईला मात्र गरोदरपणात वेदनांचे झटके येतात, रक्त कमी होते, प्रसंगी जिवावर बेतते.

आपल्या कायद्याने आधी आईचाच विचार केला आहे. १८६० च्या दंडविधानात गर्भपात हा गुन्हा होता. सूट एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी. मग चोरून उपाय करताना कित्येक जणी दगावत. १९६४ मध्ये शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. जिवाबरोबरच बाईच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यालाही त्यात स्थान मिळाले. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवडे झाली.

या कायद्यात पहिल्यापासून एक गोष्ट स्पष्ट आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

सोनाळ्याच्या त्या बाईंना मात्र एका दवाखान्यात ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून परत पाठवले. नवरा कामासाठी परगावी. तो येईतो मुदत टळली. बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, पण त्या वाचल्या. मुलगी आता शाळेत जाते. आईचा तिच्यावर फार जीव आहे. ‘‘पोरगी गोडच हाय. पन तवा मले इचाराले पाहिजे होतं,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. गावोगावी रक्ततपासणी होते, रंगीत कार्डे मिळतात. त्या कार्डासोबत बाईला एवढेही सांगावे, की या निर्णयावर सही तिचीच लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)