मोडकी खुर्ची : जोडावी की टाकावी?

मंडळाच्या उन्हाळी सहलीचे सामान दरवर्षी एका गॅरेजमधून निघते आणि तिथेच परत जाते. या वर्षी ते मोजताना पाच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या पायांना तडे गेलेले दिसले आणि मोठ्या आइसबॉक्सची एक बिजागरी तुटलेली होती. समितीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "डिंक लावून बघू." दुसरा म्हणाला, "नवीन आणा, वेळ कुणाला आहे?"

आम्ही रसायनशास्त्रवाले, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. पण आधी एक कबुली देतो. गेल्या वर्षी अशाच एका खुर्चीचा पाय आम्हीच सुपरग्लूने चिकटवला होता. भारतातून मुलाकडे आलेले एक आजोबा तीवर बसले आणि पाय निखळला. हाड वाचले, मनगट मात्र आठवडाभर सुजले. आजोबा उलट आमचीच समजूत घालत होते, "अहो, टाकून नाही दिलीत हेच बरं केलंत." नंतर आम्ही या वस्तूंचा इतिहास वाचला, तेव्हा आमची चूक कुठे झाली ते कळले.

प्लॅस्टिकच्या आधी अंगणातल्या वस्तू तुकड्यांच्या असत. आपल्याकडे बाजेची नवार सैल झाली की ओढून घेत, फाटली की बदलत. पत्र्याची बादली गळली की झाळून आणत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या, पट्ट्यांनी विणलेल्या घडीच्या खुर्च्या आल्या. त्यांचेही तेच. पट्ट्या कुजल्या तर नव्या विणायच्या, सांगाडा तोच. वस्तूला सांधे होते, म्हणून दुरुस्तीला जागा होती.

मग नवे पदार्थ आले. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत, प्रचंड दाबाखालच्या एका फसलेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. तो म्हणजे पॉलिथिलीन. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी योग्य उत्प्रेरक वापरून तो कमी दाबाखाली आणि अधिक टणक बनवला. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाट्टा यांनी त्याच वाटेने पॉलिप्रॉपिलीनचे रेणू शिस्तीत रचले. दोघांना मिळून १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत हॉगन आणि बँक्स यांनाही १९५१ मध्येच पॉलिप्रॉपिलीन सापडले होते. हलके, न गंजणारे, न कुजणारे आणि स्वस्त असे हे पदार्थ बाहेरच्या सामानासाठीच जन्मले असावेत असे वाटे.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला कुणी सांगितली नाही. या दोन्ही प्लॅस्टिकांचा पृष्ठभाग मेणचट असतो. त्यावर डाग धरत नाही तसा डिंकही धरत नाही, अगदी अळवावरचे पाणी. सुपरग्लूमधला सायनोअॅक्रिलेट १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला आणि १९५८ मध्ये बाजारात आला. तो बोटे चिकटवतो, पण त्याच्या स्वतःच्या बाटल्या बहुधा पॉलिथिलीनच्याच असतात. हे आमच्या लक्षात असते तर आजोबा पडले नसते.

दुसरा बदल साच्याचा. पूर्ण खुर्ची एकाच तुकड्यात ओतण्याची कल्पना कॅनडात डी. सी. सिम्प्सन यांनी १९४६ मध्ये मांडली. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी 'फोतॉय ३००' ही खुर्ची काढली आणि ती साच्यातून दोन मिनिटांच्या आत बाहेर पडू लागली. आपल्या कार्यक्रमांतली पांढरी खुर्ची तिच्याच कुळातली. तिला सांधा नाही, स्क्रू नाही, सुटा भाग नाही. जी वस्तू दोन मिनिटांत तयार होते तिच्यावर दुरुस्तीचा अर्धा तास कोण घालवणार? टाकून देण्याची सवय आपल्या आळसातून आली तितकीच या साच्यातूनही आली.

तिसरी गोष्ट उन्हाची. अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. १९७० च्या दशकापासून त्यात किरणांना तोंड देणारी चांगली द्रव्ये मिसळू लागले, पण तीही हळूहळू संपतात. मग पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. अशा खुर्चीचा पाय जोडणे म्हणजे विरलेल्या धोतराला ठिगळ लावणे. ठिगळ टिकते आणि शेजारचे कापड फाटते.

यावरून आमचा निवाडा असा. आधी अंगठा फिरवून पाहावा. पांढरी भुकटी लागली किंवा बारीक भेगांचे जाळे दिसले तर ती वस्तू म्हातारी झाली, टाकावी. प्लॅस्टिक धडधाकट असून घावाने मोडले असेल तर जोडता येते. त्यासाठी तळचा त्रिकोणातला आकडा पाहावा. हे आकडे १९८८ मध्ये कचरा निवडण्यासाठी आले, पण दुरुस्तीलाही उपयोगी पडतात. २ म्हणजे टणक पॉलिथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही वितळवून, त्याच जातीच्या प्लॅस्टिकने सांधावी. भारतात गल्लीत येणारा बादल्या जोडणारा तापलेल्या सळईने हेच करत असे. नाहीतर पट्टी आणि नट-बोल्ट लावावेत, आणि तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाशी छोटे भोक पाडावे. ३ म्हणजे पीव्हीसी, उदाहरणार्थ मुलांचा फुगवायचा हौद. त्याला व्हिनाइलचा डिंक आणि ठिगळ चालते. ते मात्र कधीही तापवू नये, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.

आणि सर्वांत वरचा नियम, ज्यावर माणसाचा भार पडतो ती वस्तू डिंकाच्या भरवशावर ठेवू नये.

म्हणून पाचही खुर्च्या बाद केल्या. कुणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून त्यांचे पाय करवतीने कापले. आइसबॉक्स मात्र ठणठणीत होता. बिजागरी सुटी मिळाली आणि चार स्क्रूंत काम झाले. नव्या खुर्च्या घेताना समितीने एकसंध साच्याच्या न घेता धातूचा सांगाडा आणि कापडी बैठक असलेल्या, घडीच्या घ्याव्यात अशी आमची सूचना आहे. कापड फाटले तर शिवता येईल. शिवणयंत्र मंडळातल्या बऱ्याच घरांत आहे आणि नवार ओढणारे हातही अजून आहेत.

पुढच्या सहलीला आजोबा पुन्हा येणार आहेत. त्यांना बसायला पहिली नवी खुर्ची आम्ही स्वतः उघडून देऊ.