उन्हाचा पट्टा

यंदा ऑगस्टमध्ये बार्सेलोनाला जायचं घाटतंय. मुलगा म्यूनिकला असतो. तिथल्या शाळांना मोठी सुट्टी ऑगस्टात, म्हणून आमचा प्रवासही ऑगस्टात. "आई, तुला इथे नेहमी थंडी वाजते, तेव्हा या वेळी भरपूर ऊन असलेलं शहर निवडलंय," असं तो म्हणाला. नातीची अट एकच, समुद्र हवा. सूनबाईंनी गाऊदीच्या इमारती यादीत घातल्या. 1882 साली सुरू झालेलं आणि अजून बांधकाम चालूच असलेलं ते चर्चही घातलं. आणि मी जन्मभर इतिहास शिकवला म्हणून माझ्याकडे काम आलं, "आई, तू जरा वाचून ठेव."

निवृत्त मास्तरणीला असं सांगणं म्हणजे काय ते त्या बिचाऱ्यांना कळलं नसावं. दोन महिने वाचतेय. माझी वही भरत आली आहे आणि त्यांची यादी मात्र तेवढीच आहे.

अक्काला (माझी थोरली बहीण, ठाण्याला असते) फोनवर बेत सांगितला तर ती म्हणाली, "ऊन बघायला एवढ्या लांब कशाला जायचं गं? गच्चीत जा की!" आम्ही दोघी खूप हसलो. मग दोघीही थोडा वेळ गप्प झालो, कारण दोघींना एकच गोष्ट आठवली होती.

आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. समुद्र चालत दहा मिनिटांवर. तिथे उन्हाला काय तोटा! पण आमच्या खोलीत भर दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागे. मागची चाळ इतकी खेटून होती की मधल्या घळीत फक्त पाणी पडायचा आवाज येई. ऊन यायचं ते पुढच्या सामायिक गॅलरीत, सकाळी साडेदहाच्या सुमारास, हातभर रुंदीचा एक पट्टा. पाऊण तासात तो शेजारच्या बिऱ्हाडापुढे सरकत जाई. त्या पाऊण तासात आई गव्हाचं सूप, लोणच्याची बरणी, ओलं पायपुसणं असं सगळं त्या पट्ट्यात आणून ठेवी. 1950च्या दशकाच्या अखेरीस अक्काला बारीक ताप येऊ लागला, खोकला राहीना. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि वर म्हणाले, "हिला मोकळी हवा आणि ऊन द्या." वडील खाली मान घालून उभे होते. औषध दुकानात मिळतं, ऊन कुठून विकत आणायचं? शेवटी अक्काला वर्षभर वाईला आत्याकडे ठेवलं. ती बरी होऊन आली. चाळीतल्या सगळ्यांच्या मुली आल्या नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की बार्सेलोनाबद्दल वाचताना मला एक माणूस भेटला. त्याने शहरातल्या उन्हाचा चक्क हिशोब मांडला होता.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. 1714 साली, स्पेनच्या गादीवरून झालेल्या युद्धाच्या शेवटी, पाचव्या फिलिप राजाच्या सैन्याने लांबलचक वेढ्यानंतर हे शहर जिंकलं. जिंकलेलं शहर पुन्हा डोकं वर काढेल या धास्तीने राजाने शहराच्या कडेला एक प्रचंड किल्ला बांधला, आणि त्यासाठी रिबेरा नावाच्या वस्तीतली हजाराच्या आसपास घरं जमीनदोस्त केली. शहराभोवती तट होताच. तटाबाहेर तोफेच्या गोळ्याच्या टप्प्यात कुणी काही बांधायचं नाही असा हुकूम होता. का, तर तोफांना समोर मोकळी जागा हवी. आपल्या मुंबईतही हेच होतं बरं का! इंग्रजांनी फोर्टाभोवती याच कारणासाठी मैदान मोकळं ठेवलं होतं. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्याचीच शिल्लक. आपण त्यांच्यावर क्रिकेट खेळतो आणि मूळ कारण विसरून जातो.

पण बार्सेलोनात पुढे कारखाने आले. कापडाच्या गिरण्या आल्या, खेड्यातली माणसं कामाला आली, आणि तट मात्र जागच्या जागी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या तटाच्या आत दीड लाखाहून जास्त माणसं कोंबली गेली होती. पसरायला जागा नाही म्हणून घरं वर वाढली, गल्लीवर कमानी टाकून पुढे आली. खाली गल्लीत ऊन पोहोचेना. पटकी आणि ताप यांच्या साथींवर साथी आल्या. 1854च्या पटकीने हजारो माणसं नेली, आणि त्याच वर्षी तट पाडायला सुरुवात झाली. लोकांनी कुदळी घेऊन पाडायला हात लावला असं वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू.

(मुंबईचा तट साधारण त्यानंतर काही वर्षांतच, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पडला. दोन समुद्रकाठची शहरं, दोन गिरण्यांची शहरं. असो.)

आता तो माणूस. त्याचं नाव इल्देफोन्स सेर्दा, जन्म 1815. शिक्षणाने इंजिनिअर, सरकारी नोकरीत. भाऊ एकामागून एक गेले, घरची मालमत्ता याच्याकडे आली, आणि याने 1849 साली नोकरी सोडून तो सगळा पैसा एकाच वेडापायी घातला. शहर कसं असावं हे त्याला शोधून काढायचं होतं. नकाशा काढण्याआधी त्याने काय केलं असेल? तो मजुरांच्या घरात गेला. कोण किती कमावतो, भाडं किती देतो, पावाला किती जातात, किती माणसं एका खोलीत झोपतात, एकेकाच्या वाट्याला किती हवा येते, सगळं मोजून लिहून काढलं. त्याने आकडा काढला तो असा, की त्या शहरात श्रीमंताचं आयुष्य सरासरी छत्तीस वर्षांचं आणि रोजंदारीवरच्या मजुराचं तेवीस. मी हे दोन आकडे वहीत लिहिले आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

त्याने तटाबाहेरच्या मोकळ्या माळावर जे नवं शहर आखलं त्याला एशांपला म्हणतात. म्हणजे नुसतं 'वाढीव भाग'. नकाशा बघाल तर एकसारखे चौकोनच चौकोन दिसतील. मुलगा म्हणाला, "आई, हे तर एक्सेलचं शीट आहे." मला मात्र कॅरमबोर्ड आठवला. कॅरमबोर्ड टेबलावर असा तिरका ठेवा की त्याची चार भोकं बरोब्बर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिमेकडे येतील. सेर्दाने सगळं शहर तसं तिरकं ठेवलं. घराची एक भिंत सरळ उत्तरेकडे असली तर तिकडच्या खोल्यांना थंडीत ऊन कधीच मिळत नाही. बोर्ड तिरका केला की कुठलीच भिंत सरळ उत्तरेला राहत नाही. दिवसातून केव्हा ना केव्हा प्रत्येक बाजूच्या खिडकीत ऊन यायला वाव मिळतो. एक सबंध शहर कुणी उन्हासाठी पंचेचाळीस अंशात फिरवावं! भूगोलाच्या तासाला हे माहीत असतं तर काय बहार आली असती.

प्रत्येक चौकोनाची बाजू 113 मीटर, रस्ते कमीत कमी 20 मीटर रुंद. चौकोनाचे कोपरे कापलेले, कॅरमबोर्डाच्या भोकांसारखे. त्याने वाफेची गाडी पाहिली होती, आणि उद्या अशा गाड्या रस्त्यारस्त्यातून वळतील हे त्याच्या मनात होतं. मोटार निघायला अजून पंचवीस वर्षं होती! आणि मुख्य म्हणजे, चौकोनाच्या दोनच बाजूंना घरं बांधायची, उंची 16 मीटरच्या वर न्यायची नाही, आणि मधे बाग. श्रीमंतांचा वेगळा भाग नाही, गरिबांचा वेगळा नाही. चौकोन सगळे सारखे.

शहरातल्या पुढाऱ्यांना हे अजिबात आवडलं नाही. 1859च्या स्पर्धेत त्यांनी रोविरा नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या आराखड्याला बक्षीस दिलं होतं. पण माद्रिदच्या सरकारने सेर्दाचा आराखडा लादला, आणि तो राग पुढे कित्येक वर्षं गेला नाही. त्यात मला पुढाऱ्यांची बाजूही थोडी कळते. वरून लादलेलं चांगलंही कडू लागतं. 1867 साली त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. 'नगरीकरण' या अर्थाचा शब्द पहिल्यांदा त्यातच आला. आज जगभर जो तो वापरतो. 1876 साली तो गेला तेव्हा पदरची सगळी पुंजी संपलेली होती.

आणि बागा? जमिनीचे भाव चढले. आधी तिसऱ्या बाजूला बांधायला परवानगी, मग चौथ्या, मग उंची वाढवायला. मधल्या बागेच्या जागी कारखाने आणि गोदामं. कागदावर ऊन सगळ्यांना होतं, चौथी बाजू बंद झाल्यावर मागच्या खोल्यांत अंधार झाला. हे वाचताना मला आमची घळ दिसत होती. मुंबईतही 1896च्या प्लेगनंतर 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. सोप्या भाषेत, समोरची भिंत मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको, म्हणजे खोलीत आकाश दिसेल. नियम उत्तम. आमची चाळ त्या नियमाला भेटलीच नाही, एवढंच.

आता नातीच्या समुद्राविषयी. तिला मी अजून हे सांगितलेलं नाही, पण ज्या वाळूत ती खेळणार आहे त्यातली बरीचशी माणसाने आणून टाकलेली आहे. 1992च्या ऑलिंपिकआधी त्या किनाऱ्याच्या बऱ्याच भागात कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. शहर समुद्राकडे पाठ करून बसलं होतं असं तिथले लोकच म्हणत. तिथेच वाळूवर सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती. कार्मेन आमाया ही जगप्रसिद्ध फ्लामेंको नर्तकी तिथलीच. 1966 साली नौदलाच्या कवायतींसाठी फ्रँको येणार म्हणून ती वस्ती घाईघाईने हलवली. त्या किनाऱ्याला आता सोमोरोस्त्रो हेच नाव दिलं आहे. म्हणजे कधीकाळी त्या शहरात समुद्राकाठचं ऊन गरिबांना फुकट मिळत होतं, आणि तेही गेलं.

खरा वाद झाला तो राहण्याच्या जागेवरून. मुलाने एशांपलात एक घर शोधलं, सहा दिवसांसाठी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. "आई, सकाळचं ऊन येतं असं लिहिलंय बघ!" मी म्हटलं, ते घर कुणाचं आहे? म्हणजे आपण नसू तेव्हा तिथे कोण राहतं? तर कुणीच नाही. ते प्रवाशांसाठीच ठेवलेलं. जून 2024 मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की अशा दहा हजारांवर घरांचे परवाने नोव्हेंबर 2028नंतर चालू ठेवायचे नाहीत, कारण गावच्या लोकांना भाड्याने घर परवडेनासं झालं आहे. त्याच वर्षी जुलैत लोकांनी मोर्चा काढला आणि खानावळीत बसलेल्या प्रवाशांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. मुलगा म्हणाला, "आई, आपण चौघं गेलो नाही म्हणून कुणाला घर मिळणार आहे का?" मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण सेर्दाने मोजून मोजून ज्या खोलीत मजुराला ऊन दिलं, त्या खोलीत मी चार दिवस पाय पसरून बसावं हे माझ्या घशाखाली उतरेना. सूनबाई माझ्या बाजूने बोलली, त्यामुळे निकाल लागला. हॉटेल महाग, म्हणून सहाचे चार दिवस झाले. नात माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

चार दिवसांत माझ्या वाट्याला मी दोनच जागा मागून घेतल्या आहेत. एक सांत फेलिप नेरीचा लहानसा चौक. 30 जानेवारी 1938 रोजी, यादवी युद्धात, फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. चर्चच्या तळघरात आसरा घेतलेली मुलं गेली. एकूण बेचाळीस माणसं, त्यात बहुतेक मुलंच. चर्चच्या भिंतीवर खड्डे अजून तसेच आहेत. नंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं गेलं की ते खड्डे बॉम्बचे नाहीत, उलट दुसऱ्या बाजूने माणसं उभी करून गोळ्या घातल्या त्याचे. चौकाला लागून शाळा आहे, आणि मधल्या सुट्टीत मुलं त्याच भिंतीपाशी खेळतात. ऑगस्टात शाळा बंद असेल याची मला खंत आहे.

दुसरी जागा एशांपलातल्या एका चौकोनाच्या पोटात आहे. रस्त्यावरून दिसतही नाही. एका इमारतीखालच्या बोळातून आत जायचं. आत विटांचा जुना पाण्याचा मनोरा, आणि भोवती मोकळी जागा. 1980च्या दशकात नगरपालिकेने सेर्दाच्या बुजलेल्या बागा एकेक करून परत मिळवायला घेतल्या, त्यातली ही पहिली, 1987 साली खुली झाली. उन्हाळ्यात तिथे लहान मुलांसाठी घोट्याएवढ्या पाण्याचा हौद भरतात, भोवती वाळू असते. लोक त्याला एशांपलाचा समुद्रकिनारा म्हणतात.

नातीला ते सांगितल्यावर तिचा रुसवा गेला. अक्काला पुन्हा फोन केला तेव्हा तिने विचारलं, त्या बागेत ऊन किती वाजता येतं. मी म्हटलं, बघून कळवते.