'काश्मीर प्रिन्सेस': पुरावा सापडला, आरोपी निसटला

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूरचे शिवा काशीद १६६० च्या जुलैत पालखीत बसले, तेव्हा आपण कोणाच्या जागी जात आहोत आणि त्याचा शेवट काय होणार आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि महाराजांचे रूप घेतलेले काशीद शत्रूच्या हाती लागून मारले गेले. गडावर येणाऱ्या प्रत्येकाला ही कथा आजही सांगितली जाते.

त्यानंतर २९५ वर्षांनी, ११ एप्रिल १९५५ रोजी, एका नेत्यासाठी रचलेल्या सापळ्यात पुन्हा भलतीच माणसे सापडली. या वेळी पालखीच्या जागी एअर इंडियाचे विमान होते आणि त्याचे सारथ्य कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांच्याकडे होते. 'काश्मीर प्रिन्सेस' हे ते विमान दक्षिण चिनी समुद्रात कोसळले आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चौ एन लाय. पण ते विमानात नव्हतेच. बॉम्ब सापडला, तो ठेवणाऱ्याचे नावही निष्पन्न झाले. खटला मात्र कधीच उभा राहिला नाही. कटामागे नेमके कोण होते आणि कोणाला आधीच काय ठाऊक होते, हा वाद अद्यापही मिटलेला नाही.

काय घडले?

इंडोनेशियातील बांडुंग येथे १८ एप्रिल १९५५ पासून आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरणार होती. तिच्यासाठी निघालेल्या प्रतिनिधींकरिता चीन सरकारने एअर इंडिया इंटरनॅशनलचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान भाड्याने घेतले होते. मुंबईहून निघालेले हे विमान हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर उतरले. तेथे प्रवासी घेऊन दुपारी ते जाकार्ताच्या दिशेने झेपावले. विमानात अकरा प्रवासी आणि आठ कर्मचारी होते. प्रवाशांत चिनी शिष्टमंडळातील कर्मचारी व पत्रकार, उत्तर व्हिएतनामचा एक प्रतिनिधी आणि दोन युरोपीय पत्रकार होते. या दोघांपैकी एक ऑस्ट्रियाचा आणि दुसरा पोलंडचा होता.

उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, विमान अठरा हजार फुटांवर असताना स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखाला आग लागली आणि प्रवासी कक्षात धूर शिरू लागला. कॅप्टन जटार यांनी उजव्या बाजूचे तिसऱ्या क्रमांकाचे इंजिन बंद केले. नातुना बेटांजवळची आपली जागा कळविणारे संकटसंदेश तीन वेळा गेले आणि नंतर रेडिओ मुका झाला. विजेची व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी होत असतानाही जटार यांनी विमान पाण्यावर उतरविण्याचा प्रयत्न केला. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली. उजवा पंख आधी पाण्यावर आदळला आणि विमानाचे तुकडे झाले.

सहवैमानिक एम. सी. दीक्षित, नॅव्हिगेटर जे. सी. पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघेच वाचले. जटार आणि बेरी यांच्यासह पाच कर्मचारी आणि सर्व प्रवासी मरण पावले. जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक यांना पुढे अशोकचक्र मालिकेतील शौर्यसन्मान देण्यात आले. कर्णिक यांनी 'काश्मीर प्रिन्सेस' याच नावाचे पुस्तक लिहिले. स्फोटापासून समुद्रापर्यंतचा प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि यंत्राची जाण असलेल्या माणसाची ती साक्ष आहे.

समुद्रतळावरचा पुरावा

विमान पडले की पहिला संशय यंत्रातील बिघाडावर जातो. या प्रकरणात तो फार काळ टिकला नाही. सांगाडा उथळ पाण्यात असल्याने त्याचे भाग वर काढता आले. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने मे १९५५ च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर केला. उजव्या पंखाखाली चाके जिथे दुमडून बसतात, त्या खणात घड्याळयंत्रावर चालणारा बॉम्ब ठेवण्यात आला होता. त्याच्या स्फोटाने इंधनाची टाकी फुटली आणि आग पसरली. बॉम्बचा स्फोटक, म्हणजे डिटोनेटर, 'एमके-७' या अमेरिकी बनावटीचा होता.

या निष्कर्षाने दोन गोष्टी ठरल्या. हा अपघात नव्हता, घातपात होता. आणि बॉम्ब प्रवाशाच्या सामानातून आलेला नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना कोणीतरी चाकांच्या खणापर्यंत पोचले होते. असे हात फक्त विमानाची देखभाल आणि साफसफाई करणाऱ्यांचेच असू शकत होते. त्यामुळे तपासाचा रोख काई ताक विमानतळाकडे वळला.

सफाई कामगार आणि तैवानचे विमान

हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तेथील पोलिसांनी या विमानाच्या सेवेशी संबंध आलेल्या ७१ जणांची चौकशी केली आणि माहिती देणाऱ्यास एक लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस जाहीर केले. भारतातर्फे इंटेलिजन्स ब्युरोचे अधिकारी रामेश्वरनाथ काव तपासात सहभागी झाले. पुढे १९६८ मध्ये 'रॉ' ही संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख हेच काव होते.

संशयाची सुई विमान दुरुस्ती करणाऱ्या हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग कंपनीतील चौ त्से मिंग या सफाई कामगारावर येऊन थांबली. आपण काय केले, याची फुशारकी त्याने ओळखीच्या लोकांत मारली होती. त्याच्या हाती अचानक पैसा खुळखुळू लागला होता. पोलिस त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच, १८ मे १९५५ रोजी, सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानात लपून तो तैवानला निसटला. कुओमिंतांग, म्हणजे च्यांग कै शेक यांच्या पक्षाच्या गुप्तचरांनी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलरचे आमिष दाखवून हे काम करून घेतले, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. त्याच्याविरुद्ध वॉरंट निघाले. तैवानने त्याला परत पाठविण्यास नकार दिला आणि तो आपला हस्तक असल्याचेही नाकारले.

संशयित कोण कोण?

कुओमिंतांग : या बाजूने पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्से मिंगला विमानाजवळ जाण्याची मोकळीक होती, पैशाचे आमिष होते आणि पळून जाण्यासाठी आश्रयस्थान तयार होते. इतिहासकार स्टीव्ह त्सांग यांनी ब्रिटन, तैवान, अमेरिका आणि हाँगकाँग येथील कागदपत्रे तपासून १९९४ मध्ये 'द चायना क्वार्टरली' या नियतकालिकात लेख लिहिला आणि हाँगकाँगमधील कुओमिंतांगच्या गुप्त गटावरच ठपका ठेवला. चीनने २००४ मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांचाही रोख तिकडेच आहे. तरीही हा पुरावा न्यायालयात तावून सुलाखून निघालेला नाही. मित्रांजवळ मारलेली फुशारकी ही ऐकीव साक्ष ठरते. आरोपीची उलटतपासणी झाली नाही आणि त्याला पैसे देणाऱ्यांची तर चौकशीच झाली नाही.

सीआयए : स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी चीनने च्यांग कै शेक यांच्याबरोबर अमेरिकेलाही जबाबदार धरले. डिटोनेटर अमेरिकी होता. त्से मिंग ज्या कंपनीच्या विमानातून पळाला, तिची गुप्त मालकी सीआयएकडे होती. १९६७ मध्ये मॉस्कोत आश्रय घेतलेल्या जॉन डिस्को स्मिथ या माजी अमेरिकी दूतावास कर्मचाऱ्याने, स्फोटक यंत्र असलेली पेटी आपणच हाँगकाँगमध्ये पोचविल्याचा दावा केला. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीच्या १९७६ च्या अहवालातही एक नोंद आहे. १९५५ मध्ये एका 'पूर्व आशियाई नेत्या'च्या हत्येचा प्रस्ताव सीआयएच्या आशियातील कार्यालयाने पाठविला होता आणि तो वॉशिंग्टनने फेटाळला होता.

या दुव्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिका तैवानला सर्रास शस्त्रसामग्री पुरवीत होती. त्यामुळे डिटोनेटरच्या बनावटीवरून तो कोणी वापरला, हे ठरत नाही. स्मिथचा दावा शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत प्रकाशनातून पुढे आला आणि त्याला आधार देणारा अमेरिकी कागद उजेडात आलेला नाही. चौ एन लाय यांनी १९७१ मध्ये हेन्री किसिंजर यांच्यापुढे हा विषय काढला, तेव्हा चौ हे सीआयएच्या कर्तबगारीची वाजवीपेक्षा जास्त कल्पना करतात, अशा आशयाचे उत्तर देऊन किसिंजर यांनी तो टोलवून लावला.

इशारा कोणाला मिळाला?

या प्रकरणातील सर्वांत बोचरा प्रश्न बॉम्ब ठेवणाऱ्याविषयी नाही, तो बॉम्बपासून वाचलेल्याविषयी आहे. १० एप्रिल रोजी, म्हणजे उड्डाणाच्या आदल्या दिवशी, चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने बीजिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला कुओमिंतांगच्या कारस्थानाची सूचना दिली होती. चौ एन लाय त्या विमानाने गेले नाहीत. ते नंतर रंगूनमार्गे बांडुंगला पोचले.

त्सांग यांच्या मते चौ यांना कटाची खबर आधीच लागली होती. त्यांनी गुपचूप आपला मार्ग बदलला. मात्र कमी महत्त्वाच्या माणसांना त्याच विमानाने जाऊ दिले. याच्या उलट बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. चौ यांची नुकतीच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती आणि रंगूनला नेहरू व ऊ नू यांच्या भेटीचे निमंत्रणही होते. त्यामुळे बेत बदलण्यास वेगळी कारणे होती. शिवाय प्रवाशांचा बळी द्यायचा असता, तर ब्रिटिशांना सावध करण्याचे कारणच काय होते?

ब्रिटिश अधिकाऱ्यांवरही बेफिकिरीचा ठपका ठेवला जातो. त्यांचे म्हणणे असे, की सूचनेत बॉम्बचा उल्लेख नव्हता. निदर्शने किंवा गोंधळ होण्याची शक्यता आहे, असा तिचा अर्थ लावला गेला आणि त्याप्रमाणे बंदोबस्त ठेवण्यात आला. हा खुलासा खरा मानला, तरी त्यातून एक उणीव उघड होते. बंदोबस्त बाहेरून येणाऱ्यांना अडविण्यासाठी असतो. येथे मारेकरी कामावर आलेला, विमानाभोवती वावरण्याचा रोजचा परवाना असलेला माणूस होता.

खटला का झाला नाही?

विमान भारताचे, भाडेकरू चीन, बॉम्ब ठेवला गेला ब्रिटिश वसाहतीत, सांगाडा पडला इंडोनेशियाजवळच्या समुद्रात आणि संशयित तैवानमध्ये. भारत आणि ब्रिटन या दोघांनीही तोवर बीजिंगच्या सरकारला मान्यता दिलेली होती. त्यामुळे तैवानशी त्यांचे राजनैतिक संबंध नव्हते. आरोपी मागायचा कोणाकडे आणि कोणत्या कायद्याने, हाच पेच होता. विमान अपहरणासंबंधीचा हेग करार १९७० मध्ये झाला, तर विमानातील घातपातासंबंधीचा मॉन्ट्रियल करार १९७१ मध्ये. आरोपीवर खटला भरा किंवा त्याला सोपवा, हे बंधन त्यांतून आले. 'काश्मीर प्रिन्सेस'च्या वेळी यापैकी काहीच अस्तित्वात नव्हते.

जगात गाजलेल्या दुसऱ्या एका हवाई गूढाशी याची तुलना करण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये 'डी. बी. कूपर' नावाने ओळखल्या गेलेल्या इसमाने अमेरिकेत विमानाचे अपहरण केले आणि दोन लाख डॉलर घेऊन पॅराशूटने उडी मारली. त्याचा माग काढण्यात एफबीआयची ४५ वर्षे गेली आणि २०१६ मध्ये तिने हा तपास थांबविला. तेथे साऱ्या जगाला गुन्हा ठाऊक आहे, गुन्हेगाराचे खरे नाव नाही. येथे नाव पोलिसांच्या वहीत उतरले होते. कूपरचे प्रकरण पुराव्याअभावी अडले. हे प्रकरण सरहद्दींमुळे अडले.

पन्हाळ्यावर उभे राहून या घटनेकडे पाहिले, तर फरक लख्ख दिसतो. शिवा काशीद यांनी धोका ओळखून पालखीत पाऊल ठेवले, म्हणून त्यांचे मरण बलिदान ठरले. जटार, बेरी आणि त्यांच्या सहप्रवाशांना अशी निवड करण्याची संधी कोणी दिलीच नाही. इशारा परराष्ट्र मंत्रालयातून निघून दूतावासात पोचला, तेथून पोलिसांकडे गेला. वाटेत त्यातला 'जिवाला धोका' हा अर्थच गळून पडला. कट कोणी रचला, याचे उत्तर एखाद्या दफ्तरात दडलेले असेलही. विमानाच्या शिडीवर पाय ठेवणाऱ्या एकोणीस जणांना मात्र ते त्याच दिवशी मिळायला हवे होते.

घटनाक्रम

१० एप्रिल १९५५ : चीनकडून बीजिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला कारस्थानाची सूचना.
११ एप्रिल १९५५ : हाँगकाँगहून उड्डाण, स्फोट, १६ मृत्युमुखी, ३ बचावले.
१८ एप्रिल १९५५ : बांडुंग परिषदेस प्रारंभ, चौ एन लाय उपस्थित.
१८ मे १९५५ : संशयित चौ त्से मिंग तैवानला पसार.
मे १९५५ अखेर : बॉम्बस्फोट झाल्याचा इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाचा निष्कर्ष.
१९६७ : जॉन डिस्को स्मिथ याचा मॉस्कोतून दावा.
१९७१ : मॉन्ट्रियल करार.
१९९४ : स्टीव्ह त्सांग यांचा संशोधन लेख.
२००४ : चीनकडून संबंधित कागदपत्रे खुली.